सायकलवरचे हार्ट स्पेशालिस्ट

घरातल्या कर्त्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅक आला की आपण म्हणतो, नशिबातच होतं, कोण काय करणार? मैत्रिणींनो, अमेरिकेतही सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लोक हेच म्हणत. हा आजार टाळता येतो, हे तिथल्या घराघरात पोहोचवलं डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी.

त्यांचा जन्म ६ जून १८८६ चा, बॉस्टनमधल्या रॉक्सबरी भागातला. वडील फॅमिली डॉक्टर. ते घोडागाडीतून पेशंट बघायला निघाले की लहानगा पॉलही सोबत जायचा. १९११ मध्ये हार्वर्डमधून तो स्वतः डॉक्टर झाला. पण घरात एक दुःख होतं. त्याची धाकटी बहीण संधिवाताच्या तापाने हृदय बिघडून लहान वयातच गेली. या आजारात आधी साधा घसा धरतो, मग ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. बहिणीचं हे जाणं पॉल यांच्या मनात कायमचं घर करून राहिलं.

लंडनला सर थॉमस लुईस यांच्याकडे शिकून ते १९१४ मध्ये परतले आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईसीजीचं मशीन सुरू केलं. आज तालुक्याच्या गावीही ईसीजी निघतो, पण तेव्हा ती मोठी नवलाई होती. १९२४ मध्ये काही डॉक्टरांनी मिळून अमेरिकन हार्ट असोसिएशन काढली, त्यात ते होते. त्याच वर्षी इना रीड यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९३१ मध्ये त्यांनी हृदयरोगावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

एवढं नाव झाल्यावर कुणी दवाखान्यात बसून पैसा केला असता. डॉ. व्हाइट मात्र सरकारच्या मागे लागले. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा तो का होतो ते शोधा, असा त्यांचा आग्रह होता. १९४८ मध्ये अमेरिकेत हृदयरोगासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, त्यामागे त्यांचीही खटपट होती. त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी करायचं काम सुरू झालं. त्यातून पुढे कळलं, की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग आला सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर इथे हार्ट अ‍ॅटॅक आला. शेअर बाजार कोसळला, सगळा देश घाबरला. डॉ. व्हाइट यांना बोलावणं गेलं. त्यांनी पत्रकारांसमोर बसून शाळेतल्या मुलांना समजावं तसं सांगितलं, हृदयाची रक्तवाहिनी कशी तुंबते, पुढे काय होतं. अध्यक्षांना शौचाला कशी झाली, हेसुद्धा सांगितलं! लोक हसले, पण हृदयरोगाबद्दल उघड बोलायला शिकले. अ‍ॅटॅक आला की माणूस संपला, अशी तेव्हा समजूत होती. आयझेनहॉवर मात्र बरे होऊन १९५६ ची निवडणूक पुन्हा जिंकले.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रचाराचा सपाटाच लावला. चाला, जिने चढा, वजन वाढू देऊ नका, चरबीचं खाणं कमी करा. आणि हे नुसतं सांगणं नव्हतं. म्हातारपणीही ते स्वतः सायकल चालवायचे. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकलच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. ३१ ऑक्टोबर १९७३ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.

आपल्याशीही त्यांचं नातं आहे बरं का! भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांनी ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केलं. २०२० मध्ये, १०३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आता आपलं बघू या. कढईत तेल किती ओतायचं, लोणचं-पापड रोज वाढायचे की कधीमधी, हे बहुतेक घरांत आपल्याच हातात असतं. पोराचा घसा वारंवार धरत असेल, सांधे दुखत असतील तर हळद-दुधावर न थांबता डॉक्टरांना दाखवा. आणि हार्ट अ‍ॅटॅक फक्त पुरुषांना येतो, असं समजू नका. बायकांमध्ये कधीकधी छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं अशीही लक्षणं दिसतात. आपण ती पित्तावर ढकलतो आणि उशीर होतो. तेव्हा नवऱ्याचं बीपी तपासायला जाल, तेव्हा आपलाही हात पुढे करा. आणि संध्याकाळची मालिका अर्धा तास राहिली तरी चालेल, शेजारणीला हाक मारा आणि चालायला निघा.