जेम्स पार्किन्सन

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्सटन या वस्तीत झाला. वडील तेथेच वैद्यकी करीत. जेम्स यांनी त्यांच्याच हाताखाली धडे गिरवले आणि पुढे तोच व्यवसाय त्याच वस्तीत आयुष्यभर केला. रुग्ण तपासून उरलेला वेळ त्यांनी नाना उद्योगांत घालवला. राज्यकारभारात सुधारणा व्हावी म्हणून त्यांनी टोपणनावाने पत्रके लिहिली. त्यापायी १७९४ साली त्यांना राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. जीवाश्मांवर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. हयातीत त्यांचे नाव झाले ते मुख्यतः या ग्रंथामुळे.

आज मात्र ते ओळखले जातात ते १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकामुळे. विषय होता कंपवात. त्यात केवळ सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यातच भेटले होते, तर एकाला त्यांनी फक्त दुरून पाहिले होते. या गृहस्थाला चालताच येत नसे. हालायचे तर धावतच. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. पुढेमागे डोलून तोल सावरला, की गृहस्थ इशारा देई आणि धावू लागे. सेवक बाजूला सरकून पुढे धावे, तो पडलाच तर झेलण्यासाठी. असली चाल म्हातारपणाची खोड म्हणून लोक सोडून देत. पार्किन्सन यांनी हात थरथरणे, अंग पुढे झुकणे आणि पावले आपोआप भरभर पडू लागणे या साऱ्यांमागे एकच आजार आहे, हे ओळखले.

परंतु आजाराचे मूळ त्यांना दिसले नाही. एकाही रुग्णाच्या मेंदूचे विच्छेदन त्यांना करता आले नव्हते. दोष मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावा, असा त्यांनी तर्क केला. पण तो केवळ तर्क आहे हे मोकळेपणाने सांगून शरीररचनेच्या अभ्यासकांना शोध घेण्याची विनंती केली. हा प्रामाणिकपणा त्या काळी दुर्मीळच म्हटला पाहिजे.

तो शोध लागायला शंभर वर्षे गेली. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूस काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. कंपवातात त्या पेशी नष्ट होतात, असे १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ यांनी दाखवले. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. निरोगी माणूस गप्पा मारता मारता चालतो, कारण सवयीच्या हालचाली डोपामिनच्या साहाय्याने विनासायास होतात. ते कमी पडले, की प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकावे लागते. दाराशी, वळणावर पाय जमिनीला खिळतात. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या किंवा ताल धरला, तर तोच रुग्ण पुष्कळदा पाऊल उचलतो, कारण तेव्हा मेंदू दुसरी वाट वापरतो. तोल सांभाळणाऱ्या इतर पेशीही झिजतात. म्हणून डोपामिन वाढवणाऱ्या औषधाने सर्वच दोष जात नाहीत. हे औषध, लेव्होडोपा, आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही असते. १९३७ साली भारतीय संशोधकांनी ते त्यातून वेगळे केले होते.

त्या पेशी का मरतात, याचा शोध अद्याप चालू आहे. लखनौ येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत शेतात फवारल्या जाणाऱ्या मॅनेब व पॅराक्वाट या रसायनांचा उंदरांच्या मेंदूतील याच पेशींवर काय परिणाम होतो, ते तपासले गेले आहे.

पार्किन्सन यांच्या डोळ्यांदेखत यातले काहीच घडले नाही. आजाराला त्यांचे नावही त्यांच्या पश्चात फ्रेंच वैद्य शार्को यांनी दिले. डिसेंबर १८२४ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि २१ तारखेला त्यांचे निधन झाले. त्यांचे खात्रीलायक असे एकही चित्र उपलब्ध नाही.