पोलादाला पाणी मानणारा गणिती

गणित म्हणजे केवळ कागदावरची आंकडेमोड, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं रशियन गणिती मिखाइल लाव्हरेंत्येव्ह यांचें चरित्र अवश्य अवलोकावें. त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९०० रोजीं व्होल्गातीरच्या कझान शहरीं झाला. वडील गणिताचे अध्यापक असल्यामुळें या विद्येचे संस्कार त्यांस घरींच लाभले. पुढें मॉस्को विद्यापीठांत लुझिन या थोर गणितज्ञाच्या शिष्यमंडळांत त्यांची बुद्धि परिपक्व झाली.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांच्यापुढें एक विलक्षण कोडें आलें. स्फोटक द्रव्यांत शंकूच्या आकाराची पोकळी ठेवून तिला धातूच्या पातळ पत्र्याचें अस्तर लावलें, तर लहानसा तोफगोळाही रणगाड्याचें जाड चिलखत भेदीत असे. हें कसें घडतें, तें मात्र उमगत नव्हतें. लाव्हरेंत्येव्ह यांनीं एक धाडसी कल्पना मांडली. स्फोटाच्या प्रचंड दाबापुढें धातूचें काठिण्य नगण्य ठरतें. म्हणून त्या क्षणापुरतें अस्तर व चिलखत हीं दोन्ही पाण्यासारखीं प्रवाही मानावीं. शंकूचा पत्रा आंत मिटतांच त्यांतून दर सेकंदास कित्येक किलोमीटर वेगानें धातूची बारीक धार सुटते, आणि पाण्याची धार मऊ चिखलांत शिरावी तशी ती पोलादांत शिरते. धार जितकी लांब व तिचा धातु जितका जड, तितकें छिद्र खोल, हें द्रवगतिशास्त्राच्या जुन्याच समीकरणांवरून निघालें. पोलाद द्रवासारखें वागतें, हें प्रथम पुष्कळांस पटेना. परंतु प्रयोगांनीं तें सिद्ध झालें. इंग्लंड व अमेरिका येथील शास्त्रज्ञही स्वतंत्रपणें याच निष्कर्षास पोहोंचले होते.

१९५७ सालीं राजधानींतील सुखसोयी सोडून ते सैबेरियांत गेले आणि नोव्होसिबिर्स्कजवळच्या अरण्यांत त्यांनीं विद्वानांची नगरी वसविली. तेथें १९६३ सालीं दूरदूरच्या गांवांतील हुशार मुलांसाठीं गणित व पदार्थविज्ञान यांची निवासी शाळा निघाली.

स्फोटाचें ज्ञान संहारासाठींच असतें असें नाहीं. अल्माटी शहरावर डोंगरांतून चिखल व धोंडे यांचे लोंढे कोसळत. १९२१ सालीं अशा एका लोंढ्यानें मोठी प्राणहानि झाली होती. तें संकट टाळण्यासाठीं मेदेऊ येथें १९६६ व १९६७ सालीं डोंगरांत स्फोट घडवून दरींत बांध घालण्यांत आला. स्फोटाचा हादरा शहरासच बसेल अशी भीति असतां, लाव्हरेंत्येव्ह यांनीं आपल्या गणिताच्या भरंवशावर हें काम पुरस्कारिलें. १९७३ च्या जुलैंत प्रचंड लोंढा आला. बांधानें तो अडविला व शहर वांचलें.

१५ ऑक्टोबर १९८० रोजीं ते निवर्तले. जी विद्या पोलाद भेदूं शकते, तीच नगराचें रक्षणही करूं शकते. ती कोणत्या कामीं लावावयाची, हें मात्र माणसानेंच ठरवावयाचें असतें.