तलवार गेली, पवित्रा राहिला

स्टीव्हन सीगलचे सिनेमे हॉस्टेलमध्ये कोणी पाहिले नाहीत? समोरचा माणूस हात धरतो, सीगल जरासा वळतो आणि तो माणूस थेट टेबलावर! या प्रकाराला आयकिडो म्हणतात. त्याचा संस्थापक मोरिहेई उएशिबा. पण आज मला लिहायचंय उएशिबाच्या गुरूबद्दल, म्हणजे तकेदा सोकाकुबद्दल. मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

सोकाकुचा जन्म १० ऑक्टोबर १८५९ चा, जपानमधल्या ऐझू प्रांतातला. घराणं सामुराईंचं. वडील सुमो कुस्तीतले नावाजलेले मल्ल, शिवाय भाला आणि काठीही चालवायचे. पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. १८६८ मध्ये ऐझूच्या किल्ल्याला सम्राटाच्या सैन्याने महिनाभर वेढा घातला आणि ऐझू हरलं. सोकाकु तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. आपल्याकडे या वयाची मुलं चौथीत असतात!

त्यानंतर तो शिबुया तोमाकडे ओनो-हा इत्तो-र्‍यू ही तलवारीची विद्या शिकला. मग टोकियोला साकाकिबारा केन्किची या मोठ्या वस्तादाकडे राहिला. थोडक्यात काय, करिअर ठरलेलं होतं : तलवार, तलवार आणि तलवार.

आणि १८७६ साली सरकारने कायदा केला. सैन्य आणि पोलीस वगळता कोणीही रस्त्यावर तलवार बाळगायची नाही. सोकाकु सोळा वर्षांचा होता. विचार करा, चार वर्षं घासून डिग्री मिळवली आणि ती ब्रँचच बंद झाली, तर कसं वाटेल?

त्याने तलवार सोडली नाही. गावोगावच्या आखाड्यांत लढत राहिला. १८८२ मध्ये फुकुशिमाला मजुरांच्या एका टोळीशी त्याची जबरदस्त मारामारी झाली असं सांगतात. ऐन गर्दीत तलवार मोडली. जीव वाचला, पण तुरुंगाची हवा खावी लागली. हातातलं शस्त्र मोडलं की काय उरतं, हा प्रश्न त्याच्यापुढे असा उभा राहिला.

परंपरा सांगते की १८९८ मध्ये सायगो तानोमोने त्याला सल्ला दिला : तलवारीचे दिवस संपले, आता जुजुत्सू घेऊन देशभर जा. हा तानोमो एकेकाळी ऐझूचा मंत्री होता, नंतर देवळाचा पुजारी झाला. सोकाकुच्या या विद्येचं नाव दाइतो-र्‍यू. ती शेकडो वर्षं जुनी असल्याचं सांगितलं जातं, पण सोकाकुच्या आधीचा भक्कम लेखी पुरावा सापडलेला नाही. असो.

मला आवडते ती त्याची निवड. तलवारबाजाची अडचण कोणती? शत्रूने मनगट धरलं तर तलवार उपसताच येत नाही. दाइतो-र्‍यूचे कितीतरी डाव नेमके तिथूनच सुरू होतात. धरलेला हात तलवारीसारखा डोक्यावर न्यायचा, पायांवर वळायचं आणि वार केल्यासारखा खाली आणायचा. हातात तलवार नाही, पण पाय तेच, अंतराचा अंदाज तोच. सोकाकुची उंची जेमतेम पाच फूट! म्हणजे जोर कमी, मोमेंट आर्म मोठा. मेकॅनिक्सच्या सरांनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पुढची चाळीसेक वर्षं तो फिरतीवर होता. शिष्यांमध्ये पोलीस होते, न्यायाधीश होते, लष्करी अधिकारीही होते. त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं असं म्हणतात, पण शिष्यांची नावं वहीत नोंदवून त्यावर शिक्का घ्यायला तो विसरत नसे. संशयी इतका की दुसऱ्याने चाखल्याशिवाय चहा घेत नसे. १९१५ मध्ये होक्काइदोच्या एंगारू गावी एका खाणावळवजा लॉजमध्ये त्याला एकतीस वर्षांचा उएशिबा भेटला, लष्करात संगीन चालवून आलेला. बाकीचा इतिहास सीगलपर्यंत येतो. सोकाकु २५ एप्रिल १९४३ रोजी वारला. मुलगा तोकिमुने याने पुढे जुजुत्सूबरोबर वडिलांची तलवारही शिकवली.

आता हे सगळं मी का वाचत बसले? मी सहावीपासून लाठी शिकतेय. पण शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने घरी जाताना लाठी बरोबर नसते. शेजारच्या सीटवरचा हात मुद्दाम सरकतो तेव्हा पाच फुटांचं अंतर कुठून आणायचं? आमच्या जिमखान्यात दोन क्लास आहेत, तायक्वांदो आणि ज्युदो. मैत्रिणी म्हणतात, तायक्वांदो कर, किक भारी दिसते. पण लांबून मारणं मला लाठीने येतंच. कोणी कॉलर किंवा मनगट धरलं की मी अडकते, आणि ज्युदो तिथूनच सुरू होतो. शिवाय लाठीच्या पवित्र्यातलं वजन बदलणं आणि वळणं तिथे फुकट जाणार नाही.

म्हणून मी ज्युदोचा फॉर्म भरलाय. तुम्हीही दुसरी विद्या निवडताना पहिलीला विचारा : तू मला कुठे एकटं सोडतेस? जे उत्तर येईल त्या क्लासला नाव घाला. आणि हो, पहिली सोडू नका. सोकाकुनेही सोडली नव्हती.