आधी कूळ, मग कारखाना

मोपाच्या पठारावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्याच्या अर्थकारणाला नवे वळण मिळाले. सीमेवरच्या इब्रामपूरपासून औद्योगिक वसाहतीच्या तुयेपर्यंत संधीची भाषा सुरू झाली. अशा वेळी याच तालुक्याच्या एका सुपुत्राचे स्मरण उद्बोधक ठरावे. संधी आणि जोखीम यांचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. ते म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, अर्थात भाऊसाहेब.

१२ मार्च १९११ रोजी पेडण्यात त्यांचा जन्म झाला. पुढे ते खाणमालक म्हणून नावारूपास आले. महायुद्धोत्तर काळात जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते आणि गोव्याच्या डोंगरांत ते विपुल होते. परंतु हा व्यवसाय बेभरवशाचा होता. भाव परदेशात ठरे, पावसाळ्यात बार्जची वाहतूक थंडावे आणि मागणी ओसरली की माल धक्क्यावर पडून राही. जोखमीचे धडे भाऊसाहेब येथेच शिकले असावेत.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बाजी मारली. स्वतः उमेदवार नसतानाही २० डिसेंबर रोजी ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतील कायद्यांचा क्रम लक्षणीय आहे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला बेदखल होण्यापासून संरक्षण दिले. त्यानंतर १९६५ चा औद्योगिक विकास कायदा आला आणि त्यातून औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिले. १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. गावोगावी प्राथमिक शाळा पोहोचल्या. भूमीचा हक्क, शिक्षण आणि उद्योग यांची सांगड अशी घातली गेली.

त्यांचा सर्वांत मोठा डाव मात्र फसला. महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या प्रश्नावरील जनमत कौलापूर्वी, डिसेंबर १९६६ मध्ये, त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. भाऊसाहेबांनी तो निर्णय स्वीकारला, पुन्हा जनतेसमोर गेले आणि काही आठवड्यांतच २८ पैकी १६ जागा जिंकून सत्तेवर परतले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदी असतानाच, त्यांचे निधन झाले.

खनिजावरील गोव्याचे अवलंबित्व त्यांच्या हयातीत सुटले नाही. त्याची किंमत २०१२ च्या खाणबंदीने दाखवून दिली. डिचोलीत ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच राहिले. नफा काहींचा आणि जोखीम साऱ्या गावाची, अशी ती विषम वाटणी होती.

आज इब्रामपूरच्या वेशीवर नव्या प्रकल्पांची चाहूल आहे. त्यांना सरसकट विरोध जसा शहाणपणाचा नाही, तसे डोळे झाकून केलेले स्वागतही नाही. प्रकल्प फसला तर झळ कोणाला लागेल, हा प्रश्न भूमिपूजनाआधी विचारला गेला पाहिजे. आधी कूळ, मग कारखाना हा भाऊसाहेबांच्या काळातील क्रम त्यासाठी आजही मार्गदर्शक आहे.