नाणी तोलणारे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी



परवा शाळा सुटल्यावर एक पालक मला भेटायला आले. त्यांचा मुलगा दहावीत आहे, गणितात वर्गात पहिला येतो. बापाची तक्रार अशी, की पोरगा हल्ली लेण्यांची पुस्तके वाचतो, रविवारी डोंगरात हिंडतो आणि खिसे भरून दगड घरी आणतो. त्याने एकच लाइन धरावी, नोकरी लागेल असे शिकावे, हे मी त्याला समजावून सांगावे असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांच्या घरात पुस्तक आले ते याच पिढीत. वाट चुकली तर सावरून घेणारे मागे कोणी नाही. मी स्वतः अशाच घरातून आलो आहे. म्हणून मी त्यांना उपदेश केला नाही. एका माणसाची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून हे गृहस्थ 1899 साली घर सोडून निघाले. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळात गेले, 1902 साली सिंहलद्वीपात पोचून तेथे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहावेत. 1937 साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तो याच धर्मानंदांच्या खटपटीने. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस तेथे श्रमिकांमध्ये जाऊन राहिला.

अशा बापाचा हा मुलगा. धर्मानंदांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पालि ग्रंथाच्या संपादनाचे काम होते. 1918 साली ते मुलाला व थोरल्या मुलीला बरोबर घेऊन गेले. अकरा वर्षांचा दामोदर परक्या मुलखातल्या शाळेत बसला. तेथे तो अनेक भाषा शिकला, पण मन रमले ते गणितात. 1929 साली तो हार्वर्डचा पदवीधर झाला, तोही सर्वोच्च सन्मानासह. मायदेशी परतल्यावर काशी आणि अलीगढ येथील विद्यापीठांत शिकवून दामोदरराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच महाविद्यालयात पूर्वी त्यांचे वडील पालि शिकवीत असत.

येथपर्यंतची हकीकत सरळ आहे. हुशार मुलगा, परदेशी पदवी, प्राध्यापकाची नोकरी. आता पुढे काय झाले ते नीट लक्ष देऊन वाचा.

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचे होते. नुसत्या पुस्तकावरून ते येणार नाही, हातात एखादा खरा प्रश्न हवा, असे त्यांना वाटले. त्यांनी प्रश्न घेतला नाण्यांचा. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. जितका काळ फिरेल तितके हलके होते, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. त्यांनी आधी बाजारात चालू असलेली नाणी प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलून ही गोष्ट पडताळून पाहिली. मग हात घातला तो तक्षशिला येथे सापडलेल्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या आहत नाण्यांना. या नाण्यांवर राजाचे नाव नसते, नुसते ठसे असतात. मागच्या बाजूला ठसे जितके जास्त, तितके नाण्याचे सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसून आले. म्हणजे ते मागचे ठसे वेळोवेळी नाणे तपासून पाहिल्याच्या खुणा होत्या. अशा रीतीने कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, हे नुसत्या तराजूवरून सांगता येऊ लागले. ज्या इतिहासाला तारखा नव्हत्या, त्याला एका गणितीने तराजूने तारखा लावायला घेतल्या.

पण नाणी लावून झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. ही नाणी पाडली कोणी? ते कळायला जुने ग्रंथ वाचले पाहिजेत. पुराणे एक सांगतात, बौद्ध व जैन ग्रंथ दुसरेच सांगतात. मग या गणितीने संस्कृताचा पुन्हा कसून अभ्यास केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते पडताळून, मूळचे श्लोक कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते याची निवड करून त्यांनी 1948 साली ती संपादित केली. पुढे 1957 साली विद्याकराचा सुभाषितरत्नकोश त्यांनी वि. वि. गोखले यांच्याबरोबर संपादून हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. हा विद्याकर बंगालमधील बौद्ध पंडित होता. त्याच्या ग्रंथाचे ताडपत्र तिबेटातील एका मठात राहुल सांकृत्यायन यांच्या नजरेस पडले होते. आपल्या देशातून जे नाहीसे झाले होते, ते असे परत आले.

दरम्यान 1944 साली त्यांनी एक लहानसा शोधनिबंध लिहिला होता, तो जीवशास्त्रातला. प्राण्याचे वा वनस्पतीचे गुण पुढच्या पिढीत नेणारी जनुके गुणसूत्रावर ओळीने असतात. दोन जनुकांमधले अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही, ते संततीतील गुणांच्या अदलाबदलीवरून काढावे लागते. पण काही अदलाबदली एकमेकींना झाकून टाकतात, त्यामुळे हिशेब चुकतो. तो हिशेब दुरुस्त करणारे सूत्र कोसंबींनी दिले. भात, गहू अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ आजही त्यांच्या नावाचे हे सूत्र वापरतात. ज्याने जीवशास्त्राची पदवी घेतली नाही, त्याचे नाव जीवशास्त्रात राहिले.

1945 साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाणे-येणे चाले. सुट्टीच्या दिवशी मात्र हे प्राध्यापक काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी तुडवीत. रानात पडलेल्या गारगोटीच्या बारीक पात्या ते गोळा करीत. ही अश्मयुगातील माणसाची हत्यारे. धनगर आपली मेंढरे कोणत्या वाटेने नेतात, पंढरीची पालखी कोणत्या वाटेने जाते, तिठ्यावरच्या म्हसोबाला नि सटवाईला कोण पूजते, हे ते विचारीत. त्याच वाटांवर त्यांना त्या दगडी पात्या मिळाल्या, आणि या वाटा नांगराच्याही आधीच्या आहेत असे मत त्यांनी मांडले. घराजवळ पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांच्या चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या. ज्यांना पाहून शिकलेले लोक दार लावून घेतात, त्यांच्याकडे हा हार्वर्डचा पदवीधर इतिहास विचारायला गेला.

कार्ले, जुन्नरच्या लेण्यांतही ते पुन्हा पुन्हा गेले. तुम्ही कार्ल्याला जाता तेव्हा चैत्यगृहातील खांबांपुढे हात जोडता. त्या लेण्यातील कोरीव अक्षरेही एकदा पाहा. तेथे धेनुकाकट गावचे यवन दाते आहेत, सामी नावाचा सुतार आहे, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. म्हणजे हे विहार कोण्या एका राजाच्या लहरीने झाले नाहीत. कोकणातून घाटावर चढणाऱ्या व्यापारी वाटांवर ते उभे राहिले आणि कारागीर, व्यापारी, परदेशी अशा सर्वांच्या दानातून वाढले. लेणे, वाट, बाजार आणि नाणे यांचा हा संबंध कोसंबींनी उलगडून दाखविला. 1956 साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ निघाला, 1962 साली दैवतकथांवरील आणि 1965 साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील.

या ग्रंथांतून त्यांनी जातीबद्दल जे दाखविले ते आपल्या कामाचे आहे. जात ब्रह्मदेवाने घडविली नाही. अन्न गोळा करणाऱ्या टोळ्या नांगरटीच्या समाजात ओढल्या गेल्या, त्यांना त्या समाजात खालच्या जागा देण्यात आल्या, आणि त्यावर धर्माचा शिक्का मारण्यात आला, अशी त्यांची मांडणी आहे. जे माणसांनी घडविले, ते माणसांना मोडता येते.

त्यांना देव करू नका. ते मार्क्सवादी होते, श्रद्धेने नव्हे तर इतिहासकार म्हणून बुद्धाकडे पाहत. त्यांची सगळीच मते तुम्हाला पटतील असे नाही. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. गणितातील एका फार जुन्या आणि अवघड प्रश्नाची उकल केल्याचा दावा त्यांनी 1959 साली केला, तो गणितज्ञांनी मान्य केला नाही. पुढे 1962 साली त्यांची संस्थेतील नोकरी संपली. अणुशक्तीवर पैसा ओतण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असे ते उघड सांगत, तेही वरिष्ठांना रुचणारे नव्हते. पण लेखणी थांबली नाही आणि पायही थांबले नाहीत. 29 जून 1966 रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय 58 वर्षांचे होते.

आता सांगा, गणित, नाणी, जनुके, संस्कृत श्लोक, गारगोट्या, लेणी, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? वरवर पाहिले तर काहीच नाही. पण त्यांच्या पाठीमागचा माणूस एकच काम करीत होता. ऐकीव गोष्ट तशीच घ्यायची नाही. तोलायची, मोजायची, जागेवर जाऊन पाहायची. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या विषयात असेल तर कुंपण ओलांडून तेथे जायचे. कालाम लोकांना तथागतांनी पारखून घेण्याची जी शिकवण दिली, तिच्याशी हे किती जुळते पाहा. बाबासाहेबांनीही हेच केले. 1916 साली जातींच्या उगमावर निबंध वाचणारा विद्यार्थी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहितो आणि पुढे देशाची घटना घडवितो. आपल्याला शतकानुशतके एकाच कामाला बांधून ठेवले गेले. कुंपण म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग आपल्याच मुलांच्या बुद्धीभोवती आपण ते का घालावे?

त्या पालकांना मी शेवटी एवढेच सांगितले, की मुलाने परीक्षेचा अभ्यास चुकवता कामा नये, नोकरीही मिळवलीच पाहिजे. कोसंबींनीही शेवटपर्यंत गणित सोडले नाही. पण पोराने आणलेले दगड फेकून देऊ नका. ते कोठे सापडले हे त्याला वहीत लिहायला लावा. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मुलगा मला एक वही दाखवायला घेऊन आला. ती बापाने विकत आणून दिली होती.