कार्ल लिनेयस

कार्ल लिनेयस (२३ मे, इ.स. १७०७ - १० जानेवारी, इ.स. १७७८) हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वैद्य होते. सजीवांना द्विनाम पद्धतीने नावे देण्याची प्रथा त्यांच्या ग्रंथांमुळे रूढ झाली. पान, खोड, फूल इत्यादी अवयवांच्या आकारांचे वर्णन करणाऱ्या संज्ञांना निश्चित अर्थ देण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

जीवन

लिनेयस यांचा जन्म स्वीडनमधील स्मोलांड प्रांतातील रोसहुल्ट या खेड्यात झाला. त्यांचे वडील नील्स हे धर्मोपदेशक असून त्यांना बागकामाची आवड होती. घराण्याच्या जमिनीवरील लिंडेन वृक्षावरून त्यांनी लिनेयस हे आडनाव घेतले होते. कार्ल यांचे शिक्षण लुंड व उप्साला विद्यापीठांत झाले. इ.स. १७३२ मध्ये त्यांनी लॅपलँडचा खडतर प्रवास केला. इ.स. १७३५ मध्ये त्यांनी नेदरलँड्समध्ये वैद्यकाची पदवी मिळविली व त्याच वर्षी त्यांचा 'सिस्टिमा नॅचुरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी स्टॉकहोम येथे वैद्यकी केली. इ.स. १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आकारवर्णनाची परिभाषा

त्या काळी एकाच वनस्पतीचे वर्णन निरनिराळे लेखक निरनिराळ्या शब्दांत करीत. त्यामुळे दोन ग्रंथांतील वनस्पती एकच आहे की नाही, हे ठरविणे कठीण जाई. औषधी वनस्पती ओळखण्यात चूक झाल्यास रोग्याच्या जिवावर बेतण्याचा धोका असे. योआखिम युंग आणि जॉन रे यांनी नेमक्या संज्ञा वापरण्यास सुरुवात केली होती. लिनेयस यांनी त्या कार्याला शिस्तबद्ध रूप दिले.

जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या बागेतील वनस्पतींवरील ग्रंथात (इ.स. १७३८) त्यांनी पानांच्या आकारांची चित्रे दिली. इ.स. १७५१ मधील 'फिलॉसोफिया बोटॅनिका' या ग्रंथात ही परिभाषा विस्ताराने मांडलेली आहे. त्यात वर्तुळाकार, अंडाकृती, भाल्यासारखे, हृदयाकृती, वृक्काकृती, बाणाकृती अशा पानांच्या आकारांना स्वतंत्र लॅटिन संज्ञा असून कडा, टोक व पृष्ठभाग यांच्याही संज्ञा निश्चित केल्या आहेत. मोजमापासाठी केसाची जाडी, नख, अंगठा, वीत अशी शरीराची मापे सुचविलेली आहेत. त्यामुळे वनस्पती प्रत्यक्ष न पाहिलेल्या अभ्यासकालाही केवळ वर्णनावरून ती ओळखणे शक्य होऊ लागले.

भारतीय वनस्पती

इ.स. १७५३ मधील 'स्पीशीज प्लँटॅरम' या ग्रंथात पिंपळ, वड व आंबा यांची आजही प्रचलित असलेली शास्त्रीय नावे आढळतात. लिनेयस भारतात कधीही आले नाहीत. मलबारच्या वनस्पतींसाठी त्यांनी 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथातील चित्रे व वर्णने आधाराला घेतली. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत स्थानिक वैद्यांबरोबर कोंकणी पंडितांचाही सहभाग होता.

टीका

पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवर आधारलेली त्यांची वर्गीकरण पद्धती काही समकालीनांना अनीतिकारक वाटली. ती वापरण्यास सोपी असली, तरी तिच्यात परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पती एकाच वर्गात येत. पुढे नैसर्गिक वर्गीकरणाने तिची जागा घेतली. मानवजातीची त्यांनी केलेली विभागणी व प्रत्येक विभागाला जोडलेले स्वभावगुण यांवरही आज कठोर टीका होते. आकारवर्णनाच्या संज्ञा मात्र बहुतांशी टिकून राहिल्या.

अखेरचे दिवस आणि वारसा

इ.स. १७७४ पासून पक्षाघाताच्या झटक्यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली व स्मृतीही क्षीण झाली. हजारो वनस्पतींना नावे देणाऱ्या या शास्त्रज्ञाला अखेरीस स्वतःचे ग्रंथही ओळखता येईनात. उप्साला येथे त्यांचे निधन झाले व तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचा संग्रह पुढे जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी विकत घेतला. तो आज लंडनच्या लिनियन सोसायटीत जतन केलेला आहे.