४५ पौंडांचं धनुष्य

आमच्या तिरंदाजीच्या वर्गात नवा मुलगा आला की तो आधी धनुष्यावरचा आकडा वाचतो. २०, २४, २८, ३२. आणि त्याचा हात सगळ्यात मोठ्या आकड्याकडे जातो. हे पौंड म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढून धरल्यावर बोटांवर येणारा भार. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. हा आकडा बहुधा २८ इंच ओढीसाठी छापलेला असतो. ज्याचे हात आखूड, त्याच्या बोटांवर त्याहून कमी भार येतो. आमचे सर धनुष्य हातात देण्याआधी दोरी ओढून थोडा वेळ धरायला लावतात. हात थरथरला किंवा खांदा कानाकडे चढला की खालचा आकडा. हे कुणालाच आवडत नाही, कारण जेवताना टेबलावर पहिला प्रश्न येतो, तुला किती पौंड मिळालं?

म्हणून या वेळच्या मराठी पानावर मी इशीबद्दल लिहितो आहे. ४५ पौंडांच्या धनुष्याने तो हरणाची शिकार करत असे. आज ऑलिंपिकमध्ये कागदाच्या लक्ष्यावर नेम धरणारे पुरुष तिरंदाजसुद्धा साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त भार ओढतात.

इशी उत्तर कॅलिफोर्नियातल्या याना लोकांपैकी एका छोट्या शाखेचा माणूस. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या मागे हजारो लोक त्या भागात आले आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यांनी इशीच्या लोकांची कत्तल केली. जे मूठभर वाचले ते डोंगरदऱ्यांत लपले आणि जवळजवळ ४० वर्षं लपूनच राहिले. दगडावरून दगडावर उड्या मारत जायचं, म्हणजे पाऊल उमटत नाही. चूल अगदी छोटी, म्हणजे धूर दिसत नाही. बंदूक मिळाली असती तरी तिचा आवाज घातक ठरला असता. धनुष्य आवाज करत नाही. १९०८ मध्ये मोजणी करणाऱ्या लोकांना त्यांची शेवटची वस्ती सापडली आणि त्यांनी तिथल्या वस्तू उचलून नेल्या. त्यानंतर थोड्याच काळात इशीची आई गेली. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी इशी सापडला, एकटा आणि उपाशी. वय पन्नाशीच्या आसपास.

विद्यापीठातले क्रोबर आणि वॉटरमन हे अभ्यासक त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात घेऊन आले. त्याने स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही, तशी त्याच्या लोकांत रीत नव्हती. (माझी आजी अजून आजोबांचं नाव घेत नाही, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.) शेवटी क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायचं ठरवलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस.

संग्रहालयाशेजारी वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप इशीचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले. आज आपल्याला इशीच्या धनुष्याची इतकी माहिती आहे ती पोप यांनी बारकाईने लिहून ठेवल्यामुळे. डोंगरी जुनिपरचं लाकूड, पाठीवर सरसाने चिकटवलेले प्राण्यांचे स्नायुतंतू, दोरीही स्नायूंचीच. लांबी फक्त ४२ इंच. ही लांबी तो स्वतःच्या अंगावर मोजायचा: एक हात आडवा पसरायचा आणि त्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतचं अंतर घ्यायचं. म्हणजे धनुष्य बाजारातून नव्हे, शरीरातून यायचं.

आणि ४५ पौंड पुरायचे कसे? मला या गोष्टीतला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. इशी लांबून बाण मारायचाच नाही. हरणाच्या वाटेवर उकिडवं बसून वाट बघायचा, तोंडाने आवाज काढून सशांना जवळ बोलवायचा. बाणाची टोकं तो बाटलीच्या काचेची करायचा, आणि ती सुरीसारखी कापायची. जिथे अंतर कमी आणि टोक धारदार, तिथे जास्त भार ओढून हात थकवायचा कशाला?

आपल्या जुन्या धनुर्वेदातही धनुष्य धनुर्धराच्या ताकदीपेक्षा किंचित हलकंच असावं असं सांगितलं आहे, कारण धनुष्याशीच झुंजणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची यादी आहे. त्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत १९०५ मध्ये इथे म्हैसूरमध्येच शामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये छापली गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी इशी डोंगरातून बाहेर आला. एका परंपरेचं पुस्तक सापडलं, दुसरीचा एकच माणूस.

इशीच्या मते धनुष्य उभं ठेवलं तर ते दमतं. वापरात नसेल तेव्हा ते आडवं ठेवावं आणि कुणी ते ओलांडू नये. दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यात आयुधपूजा होते, आपल्या घरी खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं पुजतात. इशीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

कागदाच्या लक्ष्यावर मात्र पोप त्याला हरवायचे. रानात ते उलटं व्हायचं. पुढे पोप यांनी मोठ्या शिकारीसाठी सुमारे ७५ पौंडांची धनुष्यं वापरली. त्यांचं शरीर वेगळं, शिकार वेगळी आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. १९१४ मध्ये इशी या तिघांना आपल्या जुन्या दरीत घेऊन गेला. पोप यांचा लहान मुलगाही बरोबर होता. जिथे तो आयुष्यभर लपला, त्या जागा त्याने त्यांना दाखवल्या.

शहरात त्याला क्षय झाला. २५ मार्च १९१६ रोजी तो वारला. मित्रांनी त्याच्या पेटीत एक धनुष्य, पाच बाण आणि एकॉर्नच्या पिठाची टोपली ठेवून दहन केलं. पण त्याआधी शवविच्छेदनात त्याचा मेंदू काढून घेतला होता. न्यूयॉर्कला असलेल्या क्रोबर यांनी विरोधाचं पत्र पाठवलं होतं, ते उशिरा पोचलं. मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राहिला. २००० साली तो त्याच्या नात्यातल्या जमातींच्या हवाली करण्यात आला आणि त्यांनी तो त्याच्या डोंगरात पुरला. ती जागा त्यांनी कुणाला सांगितलेली नाही.